मांडवामागची मोरी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

पालघर, बोईसर, तारापूर, केळवे, सफाळे, मनोर, जिथपर्यंत हा आवाज पोचतोय तिथल्या सगळ्या गटांतल्या तायांना, मावश्यांना आणि कानात इअरफोन घालून भाकऱ्या थापणाऱ्या सुनांनाही नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मांडव उभे राहायला लागतात, ते थेट पावसाच्या तोंडावर थांबतात. साखरपुडे, हळदी, लग्नं, पूजा, बारशी. आता अंगणातले मांडव कमी झाले आणि हॉल आणि लॉन वाढले. रस्त्याने जाताना कमानी दिसतात, दिवे दिसतात. आज आपण कमानीच्या बाजूने आत जायचं नाही. मागच्या बाजूने जाऊ या, जिथे आचाऱ्याची चूल असते, खरकट्याचा ढीग असतो आणि भांडी घासणाऱ्या बाया बसलेल्या असतात. कार्याची जागा पर्यावरणाला धरून आहे की नाही, ते मागूनच कळतं, असं आमचं मत झालं आहे. कसं झालं ते सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईने गटाकडून कर्ज घेऊन गाय घेतली होती. चांगली, दुसऱ्या वेताची गाय. डेअरीत दूध जायचं, हप्ता वेळेवर यायचा. वैशाखात गावात लग्न होतं, आणि तेही आमच्याच गटातल्या दुसऱ्या ताईच्या मुलाचं. आम्ही सगळ्या दोन दिवस तिथेच राबत होतो. रात्री पंगती उठल्या, वाढपी निघून गेले, आणि मांडववाल्याच्या पोरांनी सगळं एकत्र गोळा केलं. चंदेरी पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास, चमचे, पाण्याच्या छोट्या बाटल्या, उरलेला भात, भाजी. ते सगळं मांडवामागच्या रिकाम्या खाचरात ओतलं. आम्ही तिथेच उभ्या होतो, हे लपवून काय करायचं? कोणीही काही बोललं नाही. नेहमी तिथेच टाकतात.

दुसऱ्या दिवशी गाय सुटली आणि त्या ढिगावर गेली. संध्याकाळी तिचं पोट फुगलं. ती उठेना, रवंथ करेना. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी जमेल ते केलं. तिसऱ्या दिवशी गाय गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते आम्हाला आधी ठाऊक नव्हतं. शिजलेला भात गुरांनी एकदम पोटभर खाल्ला की तो पोटात आंबतो, आम्ल वाढतं, आणि तेवढ्याने जनावर दगावू शकतं. त्यात हिच्या पोटात प्लास्टिकचा गोळा होता. तो एका लग्नाचा नव्हता, कित्येक महिन्यांपासून साठत आलेला होता.

कर्जाचे 9 हप्ते बाकी होते.

आता दोष कोणाला द्यायचा? नवऱ्यामुलाची आई आमचीच मैत्रीण. तिने पैसे देऊ केले, पण गायवाल्या ताईने घेतले नाहीत. "तुझ्या पोराच्या लग्नात माझी गाय मेली, असं मी म्हणाले का?" एवढंच ती बोलली. पण दोघी एकाच सतरंजीवर शेजारी बसायच्या, त्या पुढचे किती तरी दिवस दोन कोपऱ्यांत बसल्या. गटाने व्याज माफ केलं. मुद्दल तिने गाय नसताना, दूध नसताना, वीटभट्टीवर जाऊन फेडलं. इतिवृत्ताच्या वहीत त्या दिवशी काय लिहायचं हेच आम्हाला कळत नव्हतं. शेवटी लिहिलं, "कार्याच्या कचऱ्याबाबत चर्चा झाली." पुढे जे काही झालं ते या एका ओळीतून झालं.

चर्चा सुरू झाली तशी आम्ही आधी कायदा काय म्हणतो ते पाहिलं. आमच्यात एक-दोघी शिकलेल्या आहेत, मोबाइलवर शोधता येतं. आपल्या राज्याने 23 मार्च 2018 ला अधिसूचना काढून प्लास्टिक आणि थर्माकोलची ताटं, वाट्या, ग्लास, चमचे यांवर बंदी घातली. पहिल्या वेळी 5,000 रुपये दंड, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि 3 महिन्यांची कैद. मग 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली. त्यात सजावटीचं थर्माकोल आलं, फुग्याची प्लास्टिकची काडी आली, आणि लग्नपत्रिकेला गुंडाळतात तो चकचकीत पातळ कागदसुद्धा आला. त्याच वर्षी आपल्या राज्याने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताट-वाट्या आणि पेले हेही बंदीत घातले. म्हणजे ज्या चंदेरी पत्रावळीला आपण 'कागदी आहे, चालतं' म्हणतो, तिच्यावर तो पातळ प्लास्टिकचा थर असेल तर तीही चालत नाही. चुलीत टाकून बघा, तो थर आकसून गोळा होतो आणि काळा धूर सोडतो. तो धूर मात्र नाकात घेऊ नका.

आणखी एक नियम होता. 2016 सालच्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं की परवाना नसलेल्या जागी 100 पेक्षा जास्त माणसांचं कार्य करायचं असेल तर स्थानिक संस्थेला निदान 3 कामाचे दिवस आधी कळवायचं, आणि ओला-सुका कचरा वेगळा करून द्यायची जबाबदारी कार्य करणाऱ्याची. हा नियम शहरांसाठी आणि जनगणनेत शहर म्हणून धरलेल्या गावांसाठी होता. आपलं बोईसर तसंच आहे, कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेत शहर. आम्ही विचारलं तेव्हा आमच्या ओळखीच्या एकाही घराने असं कधी कळवलेलं नव्हतं. आम्हीही नाही.

इथे थोडं विषयांतर करतो. आपण तारापूरच्या कारखान्यांच्या पाण्याबद्दल बोलतो, आणि बोलायलाच हवं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद त्या प्रदूषणाविरुद्ध 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. खाडीत मासळी राहिली नाही तर टोपली डोक्यावर घेऊन विकायला जाणारी बाई काय विकणार? पण त्याच खाडीला मिळणाऱ्या ओहोळात आपल्या मांडवाचं तेलकट पाणी आणि ग्लास जातात. मोठ्या नळीकडे बोट दाखवताना आपल्या दारची छोटी नळी बघायला आम्ही विसरलो होतो.

आमच्या एका वृद्ध मावशीने त्या बैठकीत विचारलं, "आधी कुठं होता गो हा कचरा?" खरंच कुठे होता? पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण असायचे. जव्हार-मोखाड्याकडच्या बाया जंगलातून पानं आणून काडीने टोचून लावायच्या. जेवण झालं की पत्रावळ उकिरड्यावर, उकिरड्याचं खत शेतात. वारली लग्नात तर भिंतच मांडवाची सजावट. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात, मध्ये पालघट देवी. काढणाऱ्या सवाशिणी, आणि लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, वारली चित्र जगभर गेलं. पण त्याची पहिली जागा लग्नघराची भिंत. आज गंमत बघा, त्याच चित्राचं प्लास्टिकच्या कापडावर छापलेलं बॅनर हॉलच्या दारात लावतात आणि दुसऱ्या दिवशी ते गटारात असतं.

सगळं जुनं चांगलं असं आम्ही म्हणत नाही. जुन्या मांडवात बायकांना संडासाची सोय नव्हती, दिवसभर पाणी न पिता बसायच्या. त्यावर पुढे येतोच.

तर गटाने ठरवलं, स्टीलची भांडी घ्यायची. बचतीतले थोडे आणि ग्रामसंघाकडून कर्ज घेऊन 300 ताटं, 600 वाट्या, 300 चमचे, 350 ग्लास घेतले. ताटांच्या मागे गटाची खूण कोरून घेतली. भाडं ठेवलं एका संचाला 5 रुपये. बाजारात ताट, दोन वाट्या आणि ग्लास असा फेकायचा संच त्याहून महाग पडत होता, म्हणून लोक आले. पहिल्या हंगामात 11 कार्यांना भांडी गेली. आम्ही खूष. एका कार्यक्रमात आमचा सत्कारही झाला, गुच्छ प्लास्टिकच्या कागदात होता ते सोडा.

आता आमची चूक सांगतो. भांडी घासणार कोण, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. ठरवायचं काय त्यात, बायका घासतीलच, असं आम्हा बायकांनाच वाटलं. फेकायची पत्रावळ होती तेव्हा रात्री 11 वाजता लग्नघरची बाई निदान टेकायची. आता ती, तिची जाऊ, शेजारीण आणि गटातल्या दोघी अशा पहाटेपर्यंत अंधारात मांडवामागे चिखलात उकिडव्या बसून 300 ताटं घासत होत्या. पुरुष खुर्च्या मोजत होते. वैशाखातलं एक लग्न झालं आणि त्या मावशी, ज्यांनी 'आधी कुठं होता कचरा' विचारलं होतं, त्या दुसऱ्या दिवशी बैठकीला काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "तुमचं पर्यावरण सगळं माझ्या कंबरेवर आलं गो बाय."

त्या बैठकीत खूप बोलणं झालं. दोघींनी सांगितलं, भांडी विकून टाका. खरं म्हणजे त्यांचं बरोबर होतं. ज्याला आपण कचरा कमी झाला म्हणत होतो, तो कचरा बायांच्या कामात बदलला होता, आणि त्या कामाचा कुठल्या वहीत हिशोब नव्हता. तीच गोष्ट पाण्याची. घासायला नळ सोडून बसायचं. आम्ही बादली लावून मोजलं, एक नळ मिनिटाला जवळजवळ 10 लिटर सोडत होता. दोन नळ चार तास चालले की 4,800 लिटर. आणि हे कधी? मे महिन्यात, जेव्हा जव्हार-मोखाड्यात आपल्याच जिल्ह्यातल्या बाया टँकरची वाट बघत हंडे लावून उभ्या असतात. प्लास्टिक वाचवून पाणी घालवलं तर मिळवलं काय?

भांडी विकली नाहीत. तीन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट, धुण्याचा दर वेगळा लावला, संचाला 4 रुपये. तो भाड्यात मिसळला नाही, पावतीवर वेगळ्या ओळीत लिहिला, म्हणजे देणाऱ्याला दिसतो आणि घेणारीलाही दिसतो. 300 संचांचे 1,200 रुपये होतात, चार जणींत 300. घरचे म्हणाले की आम्ही आमची घासू, तर घासा, पण मग दोन पुरुषांची नावं द्यायची, ही अट. हसू नका. एका घराने दिली, आणि नवऱ्यामुलाच्या मामांनी ताटं घासली. त्या मामांची गावात अजून चर्चा असते. काही घरांनी मात्र वर्ष-सहा महिने आमच्याकडे भांडी मागितली नाहीत, तेही सांगायला हवं.

दुसरी, उकिडवं बसणं बंद. लाकडी फळ्या आणि विटा लावून कमरेएवढा ओटा केला. उभ्याने घासायचं. एवढ्या साध्या गोष्टीने काम अर्ध्या त्रासात होतं, आणि ते आमच्या डोक्यात यायला एका म्हातारीची कंबर जावी लागली.

तिसरी, नळ बंद आणि टबं चालू. आधी ताटातलं खरकटं हाताने बादलीत झटकायचं, मग राखेने किंवा साबणाने घासायचं, मग एकामागून एक तीन टबांत बुडवायचं. पहिल्या टबाचं पाणी घाण झालं की ते ओतायचं, दुसरा टब पहिल्या जागी, तिसरा दुसऱ्या जागी, आणि स्वच्छ पाण्याचा नवा टब शेवटी. 300 संचांना 1,200 ते 1,500 लिटर लागतात. शेवटी उन्हात पालथी घालून कडक वाळवायची. ओली ताटं एकात एक घालून ठेवली की वास धरतात, हा आमचा अनुभव आहे.

एवढं बसलं तेव्हा गावात नव्या सभागृहाची गोष्ट निघाली. जुनं समाजमंदिर पडायला आलं होतं, नवं बांधायचं होतं. नकाशा आम्ही पाहिला. पुढे पोर्च, कमान, स्टेज, स्टेजच्या मागे दोन खोल्या. मागे काही नाही. चूल कुठे, धुण्याची जागा कुठे, पाणी कुठे जाणार, काही नाही. नकाशा काढणाऱ्याने पाहुण्याच्या डोळ्याने हॉल बघितला होता. स्वयंपाक करणारीच्या डोळ्याने कोणी बघितला नव्हता.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत असेल, आपल्या कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती कागदावर होते, घरी वही येते आणि आपण सही करतो. आम्हीही करत होतो. त्या वेळी म्हटलं, या खेपेला बसू. 40 बाया बसलो. मागण्या लिहिल्या आणि ठराव ग्रामसभेत नेला. तिथे पहिला प्रश्न आला, "मोरीसाठी ठराव?" लोक हसले. आमच्यातल्या गायवाल्या ताई उठल्या. त्या कधी बोलत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कचरा आणि पाणी कुठं जाणार ते नकाशात दाखवा." कोणाला दाखवता येईना. मग हसणं थांबलं.

काय मागितलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या गावात हॉल होत असेल तर उपयोग होईल. मागच्या बाजूला छपराखाली धुण्याचा पक्का ओटा, कमरेच्या उंचीचा, वर दिवा. धुण्याचं पाणी आधी एका छोट्या टाकीत जाईल, तिथे तेल आणि तवंग वर राहील, शितं खाली बसतील, आणि खालच्या बाजूचं पाणी शोषखड्ड्यात जाईल. ही मधली टाकी विसरू नका. ती नसेल तर शोषखड्डा एका हंगामात तेलाने बुजतो, आणि मग लोक म्हणतात शोषखड्डे चालतच नाहीत. टाकी दर दोन-तीन कार्यांनंतर उपसायची. खड्ड्याच्या कडेला केळी आणि कर्दळ लावायची, पाणी पितात. खड्डा विहिरीपासून लांब हवा.

छपराचं पाणी. आपल्याकडे पावसाळ्यात 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. छपरावर एक मिलिमीटर पडला की दर चौरस मीटरला एक लिटर होतं. म्हणजे 200 चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात 4 लाख लिटर. ते सगळं साठवायला कोणाकडे जागा आहे? पण 20,000 लिटरची एक टाकी शेवटच्या पावसात भरून झाकून ठेवली तर दहा-बारा कार्यांची भांडी त्यात निघतात, आणि बाकीचं पाणी गाळून विहिरीत किंवा बोअरच्या बाजूला मुरवता येतं. सूर्या धरणाचं पाणी आपल्याकडे येतं तसं पुढे वसई-विरारलाही जातं, मागणारे वाढतच आहेत. आपल्या छपरावरचं पाणी तरी आपलं.

वारा. नुसता पत्रा टाकला की मे महिन्यात हॉल म्हणजे भट्टी. मग एसी लागतो, वीज गेली की जनरेटर लागतो, जनरेटरचा डिझेलचा धूर नेमका मागे, म्हणजे पुन्हा स्वयंपाक करणारीच्या तोंडावर. छपराच्या शेंड्याला गरम हवा जायला फट ठेवली, दुपारी समुद्राकडून वारा येतो त्या पश्चिमेच्या भिंतीला आणि समोरच्या भिंतीला मोठ्या खिडक्या ठेवल्या, तर पंख्यावर भागतं. आवारातला आंबा तोडायचा नाही आणि सगळं आवार सिमेंटने लिंपायचं नाही, हेही लिहून घेतलं. पार्किंगला मुरूम पुरतो.

आणि संडास. बायकांसाठी 4 मागितले, दार आतून लागणारे, पाणी असलेले, एक रॅम्पचा. ह्याचा पर्यावरणाशी काय संबंध, असं एकाने विचारलं. 400 माणसांच्या कार्याला संडास नसेल तर माणसं कुठे जातात, हे त्याला समजावून सांगावं लागलं.

सगळं मिळालं नाही. ओटा, मधली टाकी, शोषखड्डा मिळालं. खिडक्या मिळाल्या. पाण्याची टाकी 20,000 ऐवजी 10,000 लिटरची झाली. संडास 2 झाले. छपरावर सोलर मागितलं होतं, निधी नाही म्हणाले. आंबा वाचला, पण एक फांदी कमानीसाठी गेली.

आता अन्नाबद्दल थोडं. आम्ही एका हंगामात वहीत लिहून ठेवलं, आमंत्रण किती, जेवले किती, उरलं काय. जवळजवळ प्रत्येक वेळी भात उरला. गोड कधी उरत नाही. आचारी यजमानाच्या भीतीने जास्त टाकतो, यजमान पाहुण्याच्या भीतीने जास्त सांगतो. आता आम्ही आचाऱ्याला सांगतो, भाताचा शेवटचा टोप शेवटच्या पंगतीआधी चढव, सगळा आधी शिजवू नको. चांगलं उरलेलं अन्न हात न लागलेलं असेल आणि दोन तासांच्या आत असेल तरच वाटतो, उन्हाळ्यात रात्रीचा भात सकाळी देत नाही. ताटातलं खरकटं खड्ड्यात जातं, एक थर खरकटं, एक थर पालापाचोळा, वर माती. गुरांना भात नाही. ही अट पावतीवर छापलेली आहे, सगळ्यात वर. ती का, हे आमच्या गावात कोणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं एका गावापुरतं. केरळात कुटुंबश्री म्हणून बायांच्या गटांचं मोठं जाळं आहे, 1998 पासूनचं, आपल्या गटांसारखंच. तिथे 2015 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी सरकारने हरित शिष्टाचार लावला, म्हणजे फेकायची ताटं-ग्लास बंद, धुऊन वापरायची भांडी चालू. नंतर तीच पद्धत लग्नांना आणि उत्सवांनाही लावली. घरोघरचा सुका कचरा गोळा करणारी तिथली हरित कर्म सेना बहुतेक कुटुंबश्रीच्याच बायांची आहे, आणि त्या कामाचे त्या पैसे घेतात. आम्हाला त्यातलं हे शेवटचं वाक्य सगळ्यात आवडलं.

आपल्याकडे अडचण येते ती मानाची. "स्टीलच्या ताटात वाढलं तर लोक काय म्हणतील, पार्टी प्लॉटमध्ये तर चकचकीत डिश असते." आम्ही याच्याशी वाद घालत नाही. आम्ही ताटं चिंचेने घासून चकचकीत करून दाखवतो. पळसाच्या पत्रावळी हव्या असतील तर त्याही मागवून देतो, पण आधी सांगावं लागतं, पानं यंत्रातून निघत नाहीत. हळदीला मात्र आमचं काही चालत नाही. आपल्याकडची हळद लग्नापेक्षा मोठी, रात्री 10 नंतर लाउडस्पीकर लावायचा नाही हा नियम 2000 सालापासून आहे, आणि डीजेवाल्याला तो माहीतही आहे. आमचं ऐकत नाही. त्यावर कोणत्या गटाने काही केलं असेल तर आम्हाला कळवा, आम्ही येऊन शिकू.

सध्या काय चाललंय ते सांगून थांबतो. सभागृह बांधून झालं आहे, ते चालवायला कोणाला द्यायचं हे पुढच्या ग्रामसभेत ठरणार आहे. एका ठेकेदाराने आमच्यापेक्षा जास्त वार्षिक रक्कम देऊ केली आहे. तो एसी बसवणार आहे, जेवणाचं सगळं कंत्राट स्वतः घेणार आहे, आणि मागचा ओटा त्याला जनरेटर ठेवायला हवा आहे. आम्ही कमी रक्कम देऊ शकतो, पण कचरा, धुणी, टाकी उपसणं आणि आवार झाडणं हे त्यात धरून देतो. तो ते धरत नाही, ते काम ग्रामपंचायतीवर पडेल. हा हिशोब आम्ही दोन कागदांवर शेजारी शेजारी मांडला आहे आणि घरोघर दाखवत आहोत. आधी महिलासभा आहे. सही करायला वही घरी येईल, तर सांगा की आम्ही स्वतः येतो.

भांड्यांची वही आता गायवाल्या ताई सांभाळतात. नवऱ्यामुलाची आई त्यांच्याबरोबर मोजायला बसते. गेल्या महिन्यात मोजलं तेव्हा 350 ग्लासांतले 14 कमी भरले. मागे खूण नाही त्यांच्यावर, तोंडाच्या कडेला बारीक दोन रेघा आहेत. कोणाच्या मांडणीत निघाले तर आणून द्या, काही विचारणार नाही.